दोन गुंठे मेंदी: डाळिंब काढलेल्या रानातलं एक प्रकरण

हे प्रकरण सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला भागातलं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव सांगितलेलं नाही आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. लागवडीच्या सल्ल्यासाठी या घरी माझं जाणं-येणं होतं, त्यामुळे बऱ्याच गोष्टी डोळ्यांदेखत घडल्या.

मेंदी लावायची म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "जगेल का?" मेंदी जगतेच. एकदा मूळ धरलं की दुष्काळात माणूस गाव सोडेल, पण ती जागा सोडत नाही. खरा प्रश्न तिच्या रंगाचा असतो. तो काढणी, सुकवणी आणि हातावर लावण्याची वेळ या तीन ठिकाणी ठरतो, आणि या घरातही सगळी कसोटी तिथेच लागली.

पार्श्वभूमी

घरात दादा, वहिनी, वहिनींच्या सासूबाई आणि शाळेत जाणारी मुलगी. वहिनी आसपासच्या वाड्यावस्त्यांवर लग्नाची मेंदी काढायला जातात. तुळशीची लग्नं लागली की त्यांची धांदल सुरू होते ती थेट उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत. श्रावण-भाद्रपदात नागपंचमी, मंगळागौर, हरतालिका यांची छोटी कामं असतात. ईदेच्या आदल्या रात्री मुसलमान वस्तीतून हमखास बोलावणं येतं.

रानात डाळिंब होतं. आधी तेल्या रोगानं फळं गेली, मग मर रोग लागून झाडंच वाळायला लागली आणि शेवटी बाग काढावी लागली. दहा-बारा गुंठ्यांचा एक तुकडा रिकामा राहिला. जमीन हलकी, मुरमाड. पाणी टिकत नाही. ठिबकच्या नळ्या मात्र जागच्या जागी होत्या, आणि पुढे त्यांनीच वादाला निमित्त दिलं.

सासूबाईंकडे मेंदीची जुनी माहिती होती. त्यांच्या माहेरी परड्यात झाड होतं. नागपंचमीच्या आदल्या दिवशी पाला ओरबाडायचा, पाट्यावर कात आणि थोडी चिंच घालून वाटायचा, बोटांची टोकं त्यात बुडवायची आणि तळहाताच्या मधोमध एक गोल ठेवायचा. तेव्हा कोन नव्हते, नक्षी काढायचीच तर काडीनं. उन्हाळ्यात तळपायांची आग व्हायला लागली की हाच पाला वाटून तळव्यांना थापायचा. फुलं वाळवून लुगड्यांच्या घड्यांत ठेवायची. मेंदीचं फूल दिसायला अगदी सामान्य, पांढरट-पिवळसर आणि बारीक, पण संध्याकाळी झाडाजवळून गेलं की पाऊल थांबतं. गुलहिना अत्तर याच फुलांचं. उत्तरेत कन्नौजला त्याचा जुना व्यवसाय आहे.

अडचण

एका लग्नघरी वहिनींनी नेलेले कोन संपले. घरातल्याच कुणीतरी बाजारातून तयार कोन आणले. त्यांवर काळा रंग, अर्ध्या तासात, असं काहीसं लिहिलेलं होतं. नवरीच्या धाकट्या बहिणीचा हात वहिनींनी त्या कोनांनी रंगवला. दुसऱ्या दिवशी हाताला खाज सुटली, तिसऱ्या दिवशी नक्षीच्याच रेषांवर फोड उठले. डॉक्टरांकडे न्यावं लागलं. हात बरा झाला, पण काही दिवस फिकट डाग राहिले आणि गावात बोलणं झालं ते मात्र, "हिच्या मेंदीनं पोरीचा हात भाजला."

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. त्याचा रंग केशरी ते गडद तपकिरी एवढ्याच पट्ट्यात येतो. काळा येतच नाही. अर्ध्या तासात काळा रंग चढला, तर त्यात दुसरं काहीतरी मिसळलेलं आहे असं समजायचं. ते बहुतेक वेळा केसांच्या काळ्या कलपातलं पॅराफेनिलिनडायअमिन असतं. काहींच्या त्वचेला त्याची तीव्र ॲलर्जी येते आणि एकदा आली की आयुष्यभर राहते. पुढे कधी कलप लावला तरी चेहरा सुजू शकतो.

या घटनेनं वहिनींपुढे दोन अडचणी उभ्या राहिल्या. आपण हातावर लावतो त्या कोनात काय आहे, हे त्यांना कधीच ठाऊक नसायचं. कोनावर जे छापलेलं तेवढीच माहिती. दुसरी अडचण जास्त खोल होती. गिऱ्हाईकाला रंग त्याच रात्री हवा असतो. लग्न उद्या, मेंदी आज संध्याकाळी, आणि फोटोत हात काळेभोर दिसले पाहिजेत. काळे कोन विकले जातात ते या घाईमुळे. घरी झाड लावून पहिली अडचण सुटणार होती. दुसरी झाडानं सुटणारी नव्हती, आणि हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला.

समोरचे पर्याय

दादांना दहा गुंठे मेंदी लावायची होती. डाळिंबानं घात केला, आता पाण्याशिवाय येणारं पीक हवं, हा त्यांचा विचार. मेंदीचं पीक म्हणून जे लोकांच्या नजरेसमोर येतं ते राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातलं सोजत. तिथे पावसाच्या पाण्यावर मेंदी होते, एकदा लावलेलं पीक पंचवीस-तीस वर्षं कापत राहतात, आणि 2021 साली सोजत मेंदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पाऊसमानात सांगोला आणि पाली फार दूर नाहीत. कागदावर हिशेब जुळत होता.

आम्ही उलट्या बाजूनं हिशेब केला. आधी गरज किती ते पाहू, रान किती ते मागाहून. वहिनींची वर्षाला तीसेक नवऱ्यांची कामं. एका नवरीला दहा कोन धरले तर तीनशे. पाहुण्या आणि सणवार मिळून आणखी सहाशे. शंभर ग्रॅम पुडीत बारा-तेरा कोन होतात, म्हणजे नऊशे कोनांना सात किलोच्या आसपास पूड लागते. पावसावरच्या मेंदीचं चांगलं जमलेलं पीक हेक्टरी हजार ते दीड हजार किलो वाळका पाला देतं असं धरलं, तर दहा गुंठ्यांत शंभर ते दीडशे किलो. घरच्या कामाला दोन गुंठे पुरत होते, तेही गाळणीतली तूट धरून.

मग उरलेला पाला विकायचा का? इथे आणखी एक गाठ होती. पूड किंवा कोन बनवून विकणं म्हणजे सौंदर्यप्रसाधनाचं उत्पादन. सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 नुसार त्याला परवाना लागतो आणि मेंदी पुडीसाठी भारतीय मानकही आहे. घरच्या मिक्सरवर पूड करून त्यावर लेबल चिकटवणं त्यात बसत नाही. नुसता वाळका पाला व्यापाऱ्याला विकावा, तर आपल्या भागात त्याची बाजारपेठ नाही. सोजतमध्ये आजूबाजूला गिरण्या आणि व्यापारी आहेत, इथे गाडीभाड्यातच पैसे जातील.

तिसरा पर्याय सगळ्यांत सोपा होता. झाड लावायचंच नाही. सोजतची पूड थेट मागवायची, कोन घरी भरायचे. मी वहिनींना हाच आधी सुचवला होता, आणि नुसता पैशांचा विचार केला तर तो आजही बरोबर आहे. वहिनींचं उत्तर होतं, "पुडीत काय मिसळलंय ते मागवलेल्या पाकिटावरनं मला कळणार हाय व्हय?" सासूबाईंनी त्यांची बाजू घेतली.

ठरलं ते असं: दोन गुंठ्यांत मेंदी, बांधाच्या एका बाजूला मेंदीचंच कुंपण, आणि झाडं कापणीला येईपर्यंतच्या दोन हंगामांसाठी सोजतची पूड.

रोपं कुठून आणायची

वहिनींचा पहिला बेत शाळेच्या कुंपणाच्या फांद्या आणायचा होता. गावात त्या कुंपणाला सगळे मेंदीच म्हणतात. ती निघाली कडू मेंदी, म्हणजे कोयनेल. पानं मोठी, चकचकीत, फुलाची नळी लांब आणि बाहेर आलेले जांभळट केसर. रंगाच्या मेंदीशी तिचं काही नातं नाही. महाराष्ट्रातल्या निम्म्या बागांत कुंपणाला लावलेल्या कुठल्याही झुडपाला मेंदी म्हणतात, त्यामुळे ही गफलत फार होते. ओळख सोपी आहे. खऱ्या मेंदीची पानं समोरासमोर, लहान, दोन्ही टोकांना निमुळती. जुन्या फांद्यांची टोकं काट्यासारखी टोचतात. तेवढ्यावरही खात्री नसेल तर कोवळी पानं लिंबाच्या थेंबासोबत तळहातावर चोळून थोडा वेळ मूठ बंद ठेवावी. केशरी डाग पडला नाही तर ती फांदी आणू नये.

खरं झाड सापडलं शेजारच्या चाचांच्या विहिरीवर. ते वर्षानुवर्षं त्याच पाल्यानं दाढी रंगवत होते, म्हणजे रंगाची हमी समोरच दिसत होती. फांदीपासून केलेलं रोप आईच्या गुणाचं निघतं. बियांपासूनच्या रोपांत पानाचा आकार, वाढ, रंग सगळं कमीजास्त होतं. म्हणून फांद्याच लावाव्यात असं वाटणं साहजिक होतं. पण 45 बाय 30 सेंटिमीटर अंतरावर दोन गुंठ्यांना दीड हजार रोपं लागतात. एका झुडपातून एवढ्या फांद्या काढल्या असत्या तर चाचांची दाढी पांढरी राहिली असती.

म्हणून दोन्ही केलं. चाचांच्या झाडाच्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांबीच्या पक्व फांद्या पिशव्यांत लावून कुंपणासाठी रोपं केली. दोन गुंठ्यांसाठी बी आणलं.

मेंदीचं बी अगदी बारीक आणि कवच टणक. तसंच पेरलं तर उगवायला रडवतं. गोणपाटाच्या पुरचुंडीत बांधून आठ-दहा दिवस पाण्यात ठेवलं आणि पाणी रोज बदललं. मार्चमध्ये गादीवाफ्यावर वाळूत मिसळून फोकलं, कारण नुसतं बी टाकलं तर एका जागी दाट पडतं. वर बारीक शेणखताचा पातळ थर. वाफा वाळू द्यायचा नाही, पण पाण्याचा लोट सोडला तर बी वाहून एका कोपऱ्यात जमतं, म्हणून झारीनंच पाणी. दोन-तीन आठवड्यांत उगवण दिसली. जुलैत पाऊस लागला तेव्हा रोपं गुडघ्याच्या आत-बाहेर होती. शेंडे आणि लांब मुळं छाटून ती रानात लावली.

जागा निवडताना एक सावधगिरी घेतली. डाळिंब आणि मेंदी वनस्पतिशास्त्रात एकाच कुळात येतात. मर लागलेल्या ओळींच्या जागी लगेच त्याच कुळातलं झाड नको, म्हणून तुकड्याची चांगली राहिलेली बाजू घेतली. तिथे उतार होता, पाणी साचत नव्हतं. मेंदीला कोरडं चालतं, पण पायाशी तुंबलेलं पाणी चालत नाही, मुळं कुजतात.

ठिबकचा वाद

पहिल्या वर्षी रोपांना आधाराचं पाणी दिलं, त्याबद्दल वाद नव्हता. खुरपणी वेळेवर झाली, नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरल्या. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये पहिली हलकी छाटणी केली, जेमतेम दोन किलो वाळका पाला निघाला. दादांना तो फारच कमी वाटला. डाळिंबाच्या माणसाचा हात आपोआप वॉल्व्हकडे जातो. ठिबक आहे, थोडा युरिया सोडू, पाला दुप्पट होईल.

पाला वाढला असता, ते खरंच आहे. पण मेंदीच्या जाणकारांचा अनुभव असा की कोरड्या, तापलेल्या रानातल्या पाल्यात रंग जास्त उतरतो. पाणी आणि नत्र भरपूर दिलं की पानं रसरशीत होतात आणि रंग पातळ पडतो. सोजतच्या मेंदीचं नाव झालं त्यात तिथल्या कोरडेपणाचा वाटा आहे असं मानतात. मी हे सांगितलं, दादांना पटलं नाही. भांडण मिटवायला दोन ओळी त्यांच्या झाल्या: ठिबक चालू, महिन्याला चिमूटभर युरिया. बाकीच्या ओळी पावसावर.

ही तडजोड म्हणून केली होती, पण या सगळ्या प्रकरणातला सर्वांत उपयोगी निर्णय तोच ठरला. एका रानात, एका बियाण्याची दोन प्रकारची मेंदी शेजारी शेजारी उभी राहिली आणि तुलना हातावर करता आली.

ऑगस्टमध्ये उंटअळी आली. एरंडीवर येते तीच. चार दिवसांत ती फांद्यांच्या काठ्या करून टाकते. ठिबकच्या लुसलुशीत ओळींवर ती आधी दिसली. पाला माणसाच्या कातडीवर जाणार असल्यामुळे रासायनिक फवारणी नको, हे आधीच ठरलं होतं. सकाळी अळ्या वेचणं, पाच टक्के निंबोळी अर्क आणि रानात पक्ष्यांना बसायला काठ्या, एवढ्यावर भागलं. एखाद्या एकरावर हे जमलं नसतं. दोन गुंठे असल्यामुळे जमलं.

काढणी आणि परतीचा पाऊस

सोजतच्या वेळापत्रकात मुख्य काढणी पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते. खालची पानं पिवळी पडून गळायला लागली की कापायचं. आमच्या रानातही ऑक्टोबरच्या सुरुवातीला पानं पिवळी पडू लागली आणि दादांनी कोयता लावला. फांद्या कापून रानातच पसरल्या. दोन दिवस ऊन चांगलं होतं, तिसऱ्या रात्री विजांसह पाऊस झाला.

राजस्थानातून पाऊस सप्टेंबरात माघार घेतो. सोलापूर जिल्ह्यात त्याच सुमारास परतीचा पाऊस जोर धरतो. इथली ज्वारी त्याच ओलीवर पेरली जाते. पाऊसमानाचा एकूण आकडा जुळत होता, तो कोणत्या महिन्यात पडतो ते जुळत नव्हतं. कापलेल्या मेंदीवर पाणी पडलं की पाला तांबूस-काळा होतो, रंग निघून जातो. नऊएक किलो पाला झाला असता. त्यातला बहुतेक खतात गेला.

ठिबकच्या दोन ओळी त्या दिवशी कापायच्या राहिल्या होत्या, आणि पावसावरच्याही तीन-चार ओळी. त्या नोव्हेंबरात, दिवाळी झाल्यावर कापल्या. या वेळी फांद्या रानात टाकल्या नाहीत. माडीवर साड्या अंथरून सावलीत, हवेशीर पसरल्या, रोज उलटल्या. पानं कुरकुरीत झाल्यावर काठीनं झोडून काड्या वेगळ्या केल्या. पाल्याचा हिरवेपणा टिकला.

दळण्यातही थोडी शोधाशोध झाली. पिठाच्या गिरणीवाल्यानं स्पष्ट नाही म्हटलं; दगड हिरवा झाला तर ज्वारीचं पीठ कोण नेईल? मिरची कांडपाचं यंत्र मोकळं होतं. त्यावर दळलेली मेंदी नवरीच्या हाताला लावण्याचा विचार वहिनींनी केला नाही हे बरंच झालं. शेवटी घरच्या मिक्सरवर थोडी थोडी दळून जुन्या नायलॉनच्या ओढणीतून गाळली. गाळणीत वजन निम्म्याच्या आसपास येतं. पण कोनाच्या टोकात एक शीर अडकली तरी रेघ तुटते, त्यामुळे तेवढी तूट सोसावीच लागते.

रंगाची परीक्षा

एकाच दिवशी, एकाच घरातल्या लिंबांचा रस घालून तीन पुडी भिजवल्या: ठिबकची, पावसावरची आणि सोजतहून मागवलेली. वहिनींच्या, मुलीच्या आणि सासूबाईंच्या तळहातांवर प्रत्येकी तीन गोल. रात्रभर ठेवून सकाळी खरवडले आणि पुढचे दोन दिवस तोच हात, त्याच खिडकीपाशी, फोटो काढून पाहिला.

पहिल्या सकाळी तिन्ही गोल भोपळी केशरी. वहिनींचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी फरक दिसायला लागला आणि तिसऱ्या दिवशी स्पष्ट झाला: पावसावरची आणि सोजतची जवळपास सारखी, गडद तांबूस तपकिरी, ठिबकची त्यांच्याहून फिकी. दादांच्या ओळींत पाला जवळजवळ दुप्पट होता, हेही नोंदवायला हवं.

रंग दोन दिवसांनी का चढतो, हे इथे सांगणं जरुरीचं आहे, कारण वहिनींच्या धंद्याचं गणित त्यावरच बदललं. पान भिजवलं की आंबटपणात रंगद्रव्य हळूहळू मोकळं होतं. सांगोल्याच्या मे महिन्यात त्याला पाच-सहा तास पुरतात, डिसेंबरात रात्रभर लागते. लगद्याचा वरचा थर तपकिरी आणि आतला हिरवा दिसला, आणि तळहातावर पाच मिनिटं ठेवलेल्या थेंबानं डाग सोडला, की तो लावायला तयार. मोकळं झालेलं रंगद्रव्य त्वचेतल्या केराटिन या प्रथिनाला चिकटतं, म्हणून जाड कातडीच्या तळहात-तळपायांवर रंग सर्वांत गडद येतो आणि मनगटाच्या वर फिका. हवेशी संबंध येऊन तो पुढचे एक-दोन दिवस गडद होत जातो. या काळात पाणी लागलं की अडतो. साखर-लिंबाचा बोळा फिरवतात तो लगदा ओलसर राहावा आणि सुटू नये म्हणून. लवंगांच्या धुरीनं ऊब मिळते. सासूबाईंचा कात मात्र वहिनींनी सोडून दिला. तो स्वतःचा रंग वरून देतो, मग पाल्याचा किती हे कळत नाही.

निष्पत्ती

तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये सहा आणि नोव्हेंबरमध्ये चौदा किलो वाळका पाला निघाला. गाळून नऊ-दहा किलो पूड झाली. हंगाम भागला, थोडी उरलीही. हवाबंद डब्यांत, अंधाऱ्या फडताळात ती ठेवतात. भरलेले कोन लागतील तसे फ्रीजरमध्ये, कारण त्यात टिकवणारं काही नसतं आणि बाहेर ते काही दिवसांतच रंग गमावतात.

पैशांत पाहिलं तर मजुरी धरल्यावर घरची पूड सोजतहून मागवलेल्या पुडीपेक्षा महाग पडते. वहिनींना हे माहीत आहे. त्यांना मिळालं ते वेगळं: "ह्यात काय हाय?" असं कुणी विचारलं तर त्या रानात घेऊन जातात.

मोठा बदल मेंदीच्या दिवसात झाला. काम घेतानाच त्या अट घालतात की मेंदी लग्नाच्या दोन दिवस आधी, आणि हळद मेंदीनंतर किमान एक पूर्ण दिवस सोडून. हळदीच्या आंघोळीचं पाणी लागलं तर रंग तिथेच थांबतो. सुरुवातीला काही घरांनी नकार दिला आणि ती कामं काळे कोन वापरणाऱ्यांकडे गेली. दुसऱ्या हंगामात त्यांतली काही परत आली. तान्ह्या बाळांच्या हातापायांना त्या मेंदी लावत नाहीत, शकुनाचं एक बोटही नाही. जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये शुद्ध मेंदीनंही तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते, आणि बाळाला ती कमतरता आहे की नाही हे घरच्यांना सहसा ठाऊक नसतं.

चाचांना त्यांच्या दाढीसाठी वर्षाला एक डबा जातो. तो फांद्यांचा मोबदला.

वेगळं काय करता आलं असतं

परतीच्या पावसाचा अंदाज दुसऱ्या गावाहून विचारायची गरज नव्हती. तो या घराला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता, ज्वारीच्या संदर्भात. सोजतची काढणीची तारीख उचलताना तिथला पाऊस कधी थांबतो एवढा एक प्रश्न विचारला असता तर वाया गेलेला पाला वाचला असता. आता मुख्य कापणी दिवाळीनंतर आणि दुसरी एप्रिलमध्ये, वळवाच्या आधी, असं बसवलं आहे. खालची थोडी पानं गळून वाया जातात, ती जाऊ द्यायची.

बियांच्या रोपांत रंगाचा फरक आहेच. फांद्यांपासून वाढवलेलं कुंपण आता दाट झालं आहे आणि त्याचा पाला वेगळा दळला तर रंग एकसारखा येतो. पहिल्या वर्षी रोपांचं थोडं कमी क्षेत्र लावून बाकीचं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कुंपणाच्याच फांद्यांनी भरलं असतं, तर सगळं रान एका जातीचं झालं असतं. घाई नव्हती, सोजतची पूड हाताशी होती. नव्यानं लावणाऱ्याला मी हाच क्रम सांगेन: आधी रंग सिद्ध झालेल्या झाडाच्या फांद्यांचं कुंपण, मग त्याच्यापासून रान.

कुंडीत लावणाऱ्यांचेही फोन येतात, म्हणून तेही सांगतो. कडक ऊन आणि निचऱ्याची माती असेल तर खोल कुंडीत झाड छान येतं. सणासुदीला दोन हात रंगतील एवढा ओला पालाही देतं. पूड होण्याइतका पाला देत नाही, तो हट्ट धरू नये.

तिसरा मुद्दा मतभेदाचा आहे. नवरीच्या बहिणीचा हात भाजला तेव्हा वहिनींनी त्या घरी जाऊन कोन आपले नव्हते असं सांगितलं, आणि ते खरंही होतं. माझ्या मते त्याच वेळी मेंदीचा दिवस बदलण्याची अट घालायला हवी होती. त्याला झाडाची, पुडीची, कशाचीच गरज नव्हती. वहिनींचं म्हणणं असं की हातात स्वतःची मेंदी नसताना ती अट घालायला तोंडच नव्हतं. दादा यात पडत नाहीत. दोन ओळींचं ठिबक त्यांनी बंद केलं आहे, आणि उरलेल्या आठ गुंठ्यांत यंदा करडई टाकली आहे.